शेवट बदलणार नाही

ती. बाबांना रागावलेल्या धाकटीचा तरीही वाकून नमस्कार.

मी वेळेवर जेवते, खोलीत ऊन येतं आणि खोकला जवळजवळ गेलाय. आईला फक्त उन्हाचं सांगा, खोकल्याचं नको. डोळ्यांत औषध घालता ना?

"गोष्टी लिहायला कॉलेज कशाला लागतं?" असं विचारलं होतंत. तर ऐका. आमच्या वर्गात एकाची गोष्ट सगळे वाचतात आणि तिच्यावर तासभर बोलतात. लिहिणाऱ्याने तोवर तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. काल माझी पाळी होती. गोष्ट तुमचीच. शिंपी बाप मुलीशी दोन महिने अबोला धरतो, पण निघायच्या आदल्या दिवशी तिच्या बॅगेचा पट्टा तीनदा शिवून देतो. स्टेशनवर मात्र येत नाही.

सगळे तुटून पडले. "असा बाप असतो होय? शेवटी त्याला धावत येऊ दे." बाईसुद्धा म्हणाल्या, "शेवट बदल, गुण वाढतील."

मी नियम मोडून उठले, बॅग टेबलावर आपटली आणि म्हटलं, "ओढा!" दोन धिप्पाड मुलांनी दोन्हीकडून पट्टा ओढला. एकही टाका सुटला नाही.

गुण गेले खड्ड्यात. तुम्ही स्टेशनवर आला नाहीत, तर गोष्टीतला बापही येणार नाही.

दहा तारखेला ही गोष्ट मी कॉलेजच्या सभागृहात वाचणार आहे. पहिल्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवलीय. शेवट बदलायचाच असेल, तर स्वतः येऊन बदला.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी