इतर कारणे : एकतीस

प्रिय भोपळे,

परवा फोन कट झाला नव्हता, मी आपटला. नंतर तू तीनदा केलास, तेही मीच उचलले नाहीत. रेंज नव्हती वगैरे सांगणार नाही. फोनवर मी नुसती ओरडले असते, आणि भांडण ओरडण्यावरूनच आहे. म्हणून लिहिते आहे. अक्षर केसपेपरवर असतं तसंच आहे, लावून वाच.

दहा दिवसांपूर्वी तू म्हणालीस, "आई, कपाटातला मुलाखतींच्या फॉर्मांचा गठ्ठा जाळून टाक, आता त्याचं काही काम नाही." जाळायला काढलाही होता. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत न वाचता एक चिठ्ठी टाकली नाही मी, ही माझी खोड तुला माहीत आहे. माहीत असून गठ्ठा माझ्याच कपाटात ठेवलास. म्हणजे एक तर तू बावळट आहेस, नाहीतर मी तो वाचावा असं तुझ्याच मनात कुठेतरी होतं. बावळट तर तू लहानपणापासून नाहीस.

तुझा प्रबंध त्याआधी महिनाभर माझ्या टेबलावर मिरवत होता. कंपाउंडरला दाखवला, औषधं घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरलाही दाखवला. पहिल्याच पानावर 'माझ्या आईस, जिने मला रुग्णाला हात कसा लावावा हे शिकवलं.' वाचून रडले, हेही सांगून टाकते. आमच्या खोऱ्यात आरोग्य केंद्र असून निम्म्याहून जास्त बायका घरीच बाळंत होतात, त्या केंद्रात का येत नाहीत, हा तुझा प्रश्न. इथे तो कुणाला पडला नव्हता, मलाही नाही. दर महिन्याच्या अहवालात 'अज्ञान' असं लिहून मी मोकळी होत होते. तू मात्र चार आठवडे चिखल तुडवत घरी बाळंत झालेल्या एकशे चाळीस जणींकडे गेलीस. पायाला फोड आले, रोज संध्याकाळी मीच मलम लावत होते. आणि चौथ्या प्रकरणात तुझा तक्ता. अंतर, वाहन नाही, घरात माणूस नाही, सासू नको म्हणाली. सगळ्यात खाली बारीक अक्षरात, 'इतर कारणे : एकतीस.'

ते इतर म्हणजे मी.

कुणी सांगितलंय, सिस्टर खेकसतात. कुणी सांगितलंय, गेल्या खेपेला सगळ्यांसमोर लाज काढली. एकीनं म्हटलंय, 'तोफ ड्युटीवर असली तर नकोच बाई.' मला तोफ म्हणतात हे मला त्या गठ्ठ्यातून कळलं. नाव शोभतं, त्याबद्दल तक्रार नाही. आणि सत्त्याऐंशी नंबरच्या फॉर्मवर तुझ्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं : 'पहिल्या वेळी सिस्टरनी मांडीवर चापट मारली. म्हणाल्या, तेव्हा नाही रडलीस, आता कशाला गळा काढतेस. म्हणून दुसऱ्या वेळी घरातून निघालेच नाही. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती.'

फॉर्मवर नाव नाही, पण मी ओळखलं. ते बाळ गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले होते. दारातूनच विचारलं होतं, "अक्कल गहाण ठेवली होतीस का? केंद्र काय शोभेला बांधलंय?" तिच्या सासूनं मला पाणी आणून दिलं आणि मी ते प्यायले. हे सगळं लख्ख आठवतं. ती चापट तेवढी आठवत नाही. आठ दिवस डोकं खाजवते आहे. इतक्या मारल्या असतील की त्यातली एक वेगळी आठवायचं काही कारणच नाही.

आणि तू मला फोनवर काय सांगतेस? "गाईड मॅडम म्हणाल्या, कर्मचाऱ्यांचं वागणं नाजूक विषय आहे, इतरमध्ये टाक. आणि आई, तुझ्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत." तिथे मी फोन आपटला.

पहिले दोन दिवस मला राग त्या एकतीस जणींचाच आला होता, खोटं कशाला बोलू. खाटा दोन, नर्स एक, डॉक्टर फक्त मंगळवारी, नळाला पाणी आलं तर आलं. एकीच्या बाळाचं डोकं दिसायला लागलंय, दुसरी उलट्या करतेय, बाहेर नातेवाईक दार बडवताहेत, तिथे गोडीगुलाबीनं बोलून दाखवा म्हणावं. सिस्टर का ओरडते, यावरही कुणीतरी संशोधन करावं. तूच कर, पहिली मुलाखत माझी घे. पण ते वेगळं पान झालं. त्याच्यासाठी हे पान दडपायचं नाही.

तुला वाटतं तू मला वाचवलंस. आत पू असताना वरून पांढरीशुभ्र पट्टी बांधणाऱ्या किती पोरींना मी खोलीतून हाकललंय, तू डोळ्यांनी पाहिलंयस. आणि माझ्या पोटची पोर तेच करते, तेही माझ्यावर! कुणी सांगितली होती ही दया?

ती सत्त्याऐंशी नंबरवाली गेल्या मंगळवारी तपासणीला आली होती. पुन्हा दिवस गेलेत तिला. दाराला टेकून उभी राहिली. मी स्टूल पुढे केलं, बस म्हटलं, तर ती दचकली. नुसतं बस म्हटल्यावर दचकली गं! तिनं जे सांगितलं ते माझ्या कानावर जाणार नाही या भरवशावर तुला सांगितलं, म्हणजे मला तिची माफीसुद्धा मागता येत नाही. बीपी घेतलं, हात हलका ठेवला, दुसरं काय करणार.

आता कामाचं. काल वरच्या ऑफिसातून पत्र आलं. तू त्यांना दिलेल्या तक्त्यावरून बायकांना केंद्रात आणायला खोऱ्याला दुसरी गाडी मंजूर होते आहे. येऊ दे, लांबच्या बायकांना ती हवीच आहे. पण या एकतीस जणींच्या दारात ती नुसती उभी राहील, बाई घरातून हलणार नाही, आणि अहवालात पुन्हा 'अज्ञान' लिहिलं जाईल. प्रबंधात एकवीस तारखेच्या सादरीकरणापर्यंत दुरुस्ती चालते असं तूच म्हणाली होतीस. तर ते 'इतर' खोड आणि लिही, 'सिस्टरची भीती.' सोबत माझ्या सहीचा कागद आहे : मी हे वाचलं आहे, मला मान्य आहे, केंद्राचं नाव घालायला माझी हरकत नाही. तो गाईड मॅडमच्या हातात दे. दुसरा कागद मी आज वर पाठवला. बाळंतपणाच्या खोलीत आणखी एक नर्स द्या, आणि ती येईपर्यंत बाईच्या घरचं एक माणूस आत बसू द्या, म्हणजे माझा हात उठलाच तर धरायला कुणीतरी असेल. माझ्या निवृत्तीचं काय व्हायचं ते होईल. सत्त्याऐंशी नंबरला आठवा महिना लागलाय, भोपळे. आपल्याकडे फक्त दोन महिने आहेत.

तुझीच, राग अजून न उतरलेली,
आई