पाळी चुकली त्या दिवाळीत

बाबा,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. तुमचे हात मात्र लगेच आठवतात. ओपीडी संपवून घरी आलात की मोरीपाशी उभं राहून कोपरापर्यंत साबण लावायचात आणि आई टॉवेल घेऊन बाजूला उभी असायची. दिवसभर तुम्ही बायकांना विचारायचात, पाळी कधी आली, किती दिवस राहते, किती जातं, पोटात दुखतं का. केबिनला नुसता पडदा होता. शाळा सुटली की मी बाहेरच्या बाकावर अभ्यासाला बसायचे आणि मला आतलं सगळं ऐकू यायचं. खेड्यातून आलेल्या, पदर तोंडावर धरून बसलेल्या बाईलाही तुम्ही इतक्या हळू आवाजात बोलतं करायचात की शेवटी ती नवऱ्याबद्दलचंही सांगून मोकळी व्हायची. तुमचं नाव गावात त्यासाठीच होतं. हे डॉक्टर विचारतात, असं बायका एकमेकींना सांगायच्या. मला तुम्ही कधी काही विचारलं नाहीत.

मी आता आयर्लंडमध्ये, स्लायगोत असते. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देते. तुमच्या पश्चात शिकले, परीक्षा दिल्या, इकडे आले, ते सगळं आईने तुमच्या फोटोला वेळोवेळी सांगितलंच असेल. गेल्या वर्षापासून माझी पाळी बिघडली. दोन महिने यायची नाही, मग आली की थांबायचं नाव नाही. एका लांबलेल्या ऑपरेशनच्या मध्यात मी उठून औषधाच्या ट्रॉलीकडे वळले, तेव्हा आमच्या थिएटरमधल्या नर्सने एक स्वच्छ गाऊन माझ्या कमरेभोवती बांधला आणि दुसऱ्या डॉक्टरला बोलावून घेतलं. सगळ्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफी ठीक, आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासला, तोही ठीक. हिमोग्लोबिन मात्र तळाला गेलेलं. शिरेतून लोह दिलं. इथली माझी सहकारी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाली, वयाचं आहे गं, गर्भाशयात हार्मोनची कॉइल बसवून टाकू, यू'ल बी ग्रँड, अगदी ठीक होशील. ती बरोबरच होती. मी विचार करते म्हटलं आणि त्या नर्सने सांगितलेल्या पत्त्यावर, सायकलच्या दुकानावरच्या माडीत, एका चिनी वैद्यबाईंकडे गेले. गाडी मुद्दाम लांब लावली. ओळखीचं कोणी पाहू नये म्हणून.

तुम्ही हसला असतात. चायनीज मेडिसिन म्हटल्यावर मीही हसलेच असते. या बाई चीनमधल्या एका मोठ्या इस्पितळात शिकलेल्या, तिथे म्हणे आपलं आधुनिक वैद्यक आणि त्यांचं पारंपरिक, दोन्ही खाती एकाच इमारतीत असतात. त्यांनी आधी माझे रिपोर्ट मागितले. हे नसते तर मी तुम्हाला हात लावला नसता, म्हणाल्या. मग जीभ बघितली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून इतका वेळ बसल्या की मी अवघडून भिंतीकडे पाहत राहिले. आणि मग विचारायला लागल्या. रक्त कुठल्या रंगाचं, फिकट की काळसर. गाठी पडतात का, पडल्यावर बरं वाटतं का. दुखतं ते आधी की नंतर, गरम पिशवीने थांबतं का. पाय गार असतात का, झोप कधी मोडते, गोड खावंसं वाटतं का, रडू येतं की राग येतो. माझं मनगट न सोडता, घाई न करता. बाबा, मी उत्तरं देत होते आणि मला समजत होतं की शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे प्रश्न मी पहिल्यांदा खुर्चीत बसून ऐकतेय. आजवर बाकावर बसून ऐकले होते.

याआधी कधी पाळी बंद झाली होती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोळाव्या वर्षी, काही महिने. त्या वेळी काय चाललं होतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अभ्यास. त्यांनी बोटं मनगटावरच ठेवली. मग मी त्यांना ती दिवाळी सांगितली.

तुम्हाला आठवते का, कोण जाणे. मी लातूरला क्लाससाठी राहत होते, कारण डॉक्टरांची मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती. खोलीत चौघी, मेसची पाण्यासारखी आमटी, पहाटे उठून पाठांतर. नळ सोडून न्हाणीघरात रडायचं म्हणजे आवाज जात नाही, हे तिथेच शिकले. दिवाळीला घरी आले तर आईने माझी बॅग उपसली आणि तिने जूनमध्ये दिलेली पॅडची पाकिटं तशीच निघाली. ती चकल्या तळत होती. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, तुझी पाळी कधी आली होती? मला खरंच आठवेना. मी तसं म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. दुपारी ती तुमच्याशी काही बोलली आणि मला म्हणाली, बाबांनी हॉस्पिटलात बोलावलंय.

मला बरं वाटलं होतं, बाबा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, आता तुम्ही मलाही समोर बसवून तसंच हळू आवाजात विचाराल. मी जाता जाता उत्तरं तयार करत होते. झोप येत नाही सांगायचं. जेवण जात नाही सांगायचं. परत लातूरला जायचं नाही, हेही सांगायचं. मी माझ्या बाकावर जाऊन बसले. पडदा सरकला, पण बाहेर तुम्ही आला नाहीत. सिस्टर बाहेर आल्या, त्यांच्या हातात छोटी बाटली होती. "यात लघवी आण जरा," त्या म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलंय." कसली टेस्ट, मी विचारलं. सगळ्यांचीच करतात गं, असं म्हणून त्यांनी मान वळवली. मी त्या बाकावर वाढले होते. कुठल्या बायकांच्या हातात ती बाटली दिली जाते, हे मला पाठ होतं. पडद्याखालून तुमच्या चपला दिसत होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी हात धुता धुता तुम्ही आईला म्हणालात, निगेटिव्ह आहे. आई टॉवेल तोंडावर धरून रडली. मग तिने मला अनारसा आणून दिला, दोन दिले. रात्रीच्या ताटाशेजारी गोळ्यांची पट्टी होती. पाच दिवस घे, येईल, असा निरोप आईकडून मिळाला. आली. भाऊबीज झाल्यावर मला लातूरच्या गाडीत बसवून दिलं. पुढच्या सुट्टीत मी हॉस्पिटलात गेले तेव्हा औषधाच्या खिडकीपाशी बोलणाऱ्या दोघी मला पाहून बोलायच्या थांबल्या. त्यानंतर मी त्या बाकावर बसले नाही. तुम्ही त्याचंही कारण विचारलं नाहीत.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. पाळी चुकली की आधी गर्भ नाही ना हे बघायचं, पुस्तकात पहिल्या ओळीतच आहे. मीही तेच करते. ऑपरेशनला आलेल्या प्रत्येक मुलीची ती चाचणी होते. मागच्याच आठवड्यात अपेंडिक्सची एक सोळा वर्षांची मुलगी आली होती. मी तिच्या आईला चहा घेऊन यायला सांगितलं, स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, हे आम्ही सगळ्यांना विचारतो, तुलाही विचारते, आणि टेस्ट करायची आहे, चालेल ना? तिने मान हलवली. एवढंच. तुमची चाचणी चुकीची होती असं मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. चुकला असतात तर तक्रार तरी करता आली असती.

वैद्यबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि हळहळल्या वगैरे नाहीत. त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं. पाळी थांबते ती दोन तऱ्हांनी, म्हणाल्या. एक म्हणजे नदीला पाणीच नाही, दुसरी म्हणजे पाणी आहे पण वाट अडली आहे. त्यांच्याकडे प्लीहा अन्नातून रक्त करते, आणि अतिविचाराने ती दमते. आपण ऑपरेशनमध्ये काढतो ती प्लीहा नव्हे, शरीराचं एक काम, त्याला त्यांनी दिलेलं नाव. सोळाव्या वर्षी तुमच्या नदीत पाणी नव्हतं, त्या म्हणाल्या. आता पाणी वाट सोडून वाहतंय. प्लीहेला ते धरून ठेवता येत नाही, आणि यकृत, ज्याचं काम सगळं सुरळीत वाहतं ठेवायचं, ते आवळून बसलंय. गिळलेल्या रागाने तसं होतं. तुमची नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते. मी विचारलं, मग त्या वेळी गोळ्या द्यायला नको होत्या का? त्यांनी जरा विचार केला. "तुमचे डॉक्टर चुकले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना रक्त आणायचं होतं, ते आलं. नदीला पाणी का नाही, हे त्यांनी बघितलं नाही."

तेव्हापासून मी दर आठवड्याला जाते. घोट्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली, अंगठ्याजवळ बारीक सुया लावतात. कधी बेंबीखाली एका वाळक्या पाल्याची पेटती कांडी धरतात, दवण्याच्या कुळातलाच पाला असणार, त्याचा वास घरापर्यंत अंगाला राहतो. महिन्याचे त्या भाग पाडतात. रक्त जाऊन गेलं की भरून काढायचं, मग हलवायचं, मग ऊब द्यायची, आणि पाळीच्या आधी वाट मोकळी करायची. प्रत्येक भागाला काढा वेगळा, सगळे सारखेच कडू. त्यातल्या एका मुळीने रक्त पातळ होतं हे मी वाचलं होतं, तसं म्हटल्यावर त्यांनी रक्तस्रावाच्या दिवसांत तो काढा बंदच ठेवला. त्यांचं सगळं मला पटत नाही. थंड सॅलडमुळे गर्भाशयात गारठा शिरतो, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सॅलड खाल्लं. पण रक्तस्राव कमी झालाय. लोहाने, सुयांनी की वयाने, ते मला सांगता येणार नाही. माझं एक मन म्हणतं, विचारल्याने. डॉक्टर म्हणून हे मी कुठेही लिहिणार नाही.

आईला फोनवर विचारलं एकदा. तिला ती दिवाळी लख्ख आठवते, चकल्या करपल्या होत्या तेही. म्हणाली, त्यांनी तुझ्या काळजीपोटीच केलं. मी म्हटलं, मला विचारायचं ना.

"बाप मुलीला असलं विचारतो का?"

"दिवसभर तेच तर विचारायचे."

आई म्हणाली, "त्या परक्या बायका होत्या." आणि तिने उन्हाळ्यात इकडे येण्याच्या तिकिटाचा विषय काढला.

तुमची नात पंधरा वर्षांची आहे. मराठी कळतं तिला, बोलते मात्र इथल्या मुलींसारखं इंग्रजी, मला मॅम म्हणते. फेब्रुवारीत, परीक्षेच्या दिवसांत, ती सकाळी कपाटातून सीरिअलचा खोका काढता काढता पाठमोरीच म्हणाली, मॅम, नाताळच्या आधीपासून मला आलेली नाही. आणि बाबा, माझ्या मनात पहिला शब्द आला तो तुमचाच. टेस्ट. माझ्या बॅगेत ती होतीही. एका क्षणात मी पडद्याच्या आत होते, तुमच्या खुर्चीत, आणि मला तिथलं सगळं समजत होतं. तिच्या तोंडून काय बाहेर पडेल याची भीती किती असते, हेसुद्धा. बाटली देणं खरंच सोपं असतं.

मी किटली बंद केली आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, मी सरळ विचारते, रागावणार नाही. प्रेग्नंट असण्याची काही शक्यता आहे का? ती कानापर्यंत लाल झाली. "नो. गॉड, नो." मग मी विचारलं, मग तुला काय वाटतं, काय झालं असेल? ती चमचा फिरवत बसली. मग म्हणाली, शाळेतल्या मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढलंय. एकटीने बसायला लागू नये म्हणून ती दुपारी डबाच उघडत नाही, लायब्ररीत जाते. नोव्हेंबरपासून. ती बोलत राहिली, तिची बस चुकली, मी कामावर उशिरा येते म्हणून कळवलं. तिला डॉक्टरकडे नेलं, शाळेत जाऊन बोलले, आता आम्ही दोघी संध्याकाळी लवकर जेवतो. मार्चच्या शेवटी आली तिची. मी दोन प्रश्न विचारले होते, बाबा. तुम्हाला तर शेकडो येत होते.

हे मी आईला वाचून दाखवणार नाही. ती आली की तुमचा फोटो बरोबर आणेल आणि मी त्याला हार घालीन, तिच्यासाठी.

एक सांगते आणि थांबते. गेल्या आठवड्यात सुया काढता काढता वैद्यबाईंनी सहज विचारलं, वडील काय करायचे तुमचे? इतके दिवस मी त्यांच्याशी बोलताना डॉक्टरांनी असं केलं, डॉक्टरांनी तसं केलं, एवढंच म्हणत आले होते. मी म्हटलं, कापडाचं दुकान होतं. त्या म्हणाल्या, दुकानदारांना वेळ नसतो, मुलांकडे लक्ष राहून जातं. मी हो म्हटलं. घरी येताना माझ्या लक्षात आलं, त्या कापडवाल्याला मी केव्हाच माफ केलं होतं.