पोटशूळ नसल्याची आगाऊ नोंद

प्रति,
मेहेरबान फौजदारसाहेब,
पोलीस ठाणे, बोरवट्टी, जिल्हा सोलापूर.

विषय: अर्जदारास पोटशूळ नाही व पोहता येते, याची आजच नोंद होण्याबाबत.
संदर्भ: सन १९२८ चा पंचनामा, मयत सोनाबाई जोतीराम बरबडे.

महोदय,

१. सदर सोनाबाई ही माझ्या यजमानांची पहिली बायको. तिला मूल नव्हते. पोटशूळ असह्य होऊन तिने मळ्यातील विहिरीत उडी घेतली, असे पंचांनी लिहिले. पुढच्या वर्षी मी त्या घरात आले.

२. मला मासिक विटाळ वर्षातून दोनदाच येतो व हनुवटीवर केस येतात, ते मी चिमट्याने उपटते. लोकांनी नावे ठेवू नयेत म्हणून सात वर्षे दरमहा चार दिवस मी खोटीच गोठ्यात बाहेर बसले. ही चूक मला कबूल आहे. खरे सांगायचे तर त्या चार दिवसांत पाठ टेकायला मिळे, तेवढेच सुख मला या घरात लाभले.

३. गेल्या महिन्यात सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की, विटाळ वर्षातून दोनदाच येणे हा बीजकोशाचा आजार आहे, यात बाईचा दोष नाही. सासूबाईंनी त्यातले एवढेच ऐकले की, मी बाहेर बसण्याचे सोंग केले. तेव्हापासून माझ्या हातचे पाणी कोणी पीत नाही.

४. यजमानांसाठी मुलगी पाहिली आहे. तिचे वडील सवतीवर मुलगी देत नाहीत. मी कायमची माहेरी जाते म्हटले, तर जिवंत सवत ती सवतच, असे त्यांचे म्हणणे पडले.

५. परवापासून सासूबाई पाणवठ्यावर सांगत आहेत, "वच्छीच्या पोटात लई कळा येत्यात. जिवाचं काय करून घेती की काय, भ्या वाटतंय." साहेब, माझे पोट कधीही दुखलेले नाही. काल विहिरीच्या खालच्या पायऱ्या गाळ काढायचा म्हणून उखडल्या. गाळ मात्र कोणी काढला नाही. मला फार भीती वाटते.

६. माझे वडील भीमाकाठच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मला लिहायला शिकविले व डोहात पोहायलाही. हे दुसरे सासरी कोणास ठाऊक नाही. पोहता येणारी बाई जीव द्यायला विहीर निवडणार नाही, हे आपणास सांगणे नलगे.

सबब विनंती की, माझ्या नावाचा पंचनामा आपणापुढे आल्यास सही करण्यापूर्वी हा अर्ज वाचावा. त्याआधी येणे झाल्यास उपकार होतील. उत्तर घरी पाठवू नये. पत्रे दीर फोडतात.

आपली नम्र व आजमितीस हयात,
वच्छला जोतीराम बरबडे
ता. ११ मे १९३६

सोबत: डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, अस्सल. ही परत पाठवू नये. माझ्याजवळ राहिली तर भिजेल.