सहाच्या टोल्यानंतरचा चहा

शनिवार, ६ ऑगस्ट १९६६

आज भर बाजारात अपमान झाला. घड्याळाच्या टॉवर फंडाचे नवे सेक्रेटरी सीतारामपंत – पेन्शन घेऊन पुण्याहून लोणावळ्याला हवा खायला आलेले – शिदूच्या हॉटेलासमोर उभे राहिले. मनगट वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रखमाजी, तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे. ठाऊक आहे का तुम्हाला?"

ठाऊक आहे का! तीस वर्षं चावी देतोय मी त्याला.

ते पाच मिनिटं पुढं ठेवलं माझ्या आधीच्या घड्याळवाल्यानं, पेस्तनजी मिस्त्रीनं. माणसं डोंगरावरून पायी येतात, त्यांची गाडी चुकू नये म्हणून. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पण मी हाताखालचा माणूस, मराठी चौथी शिकलेला. मिस्त्री गेला, पाच मिनिटं राहिली. फंडाची पंचमंडळी म्हणाली, लोकांना सवय झालीय, हात लावू नका.

सवय कसली – थट्टा. पहाटे सहाचे टोले पडतात, पुण्याकडच्या सव्वासहाच्या गाडीची माणसं शिदूकडे बसलेली असतात, आणि एकही उठत नाही. उलट आणखी एक चहा मागवतात. टोल्याचा चहा म्हणतात त्याला. खरे सहा वाजायला पाच मिनिटं आहेत हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. चहा पितात, मग उठतात, दहा मिनिटं चालतात, गाडी गाठतात. आणि मला हाक मारतात, "काय लबाड घड्याळवाले आबा?"

पंतांना यातलं काहीच सांगितलं नाही. नुसतं "व्हय साहेब" म्हणालो. घरी येईपर्यंत तोंड कडू होतं.

रविवार, ७ ऑगस्ट

चिंचोके नऊ.

लंबकाचा दांडा लाकडी आहे. या हवेत लाकूड फुगतं, दांडा लांबतो, घड्याळ मागं पडायला लागतं. म्हणून दांड्याला मधोमध पत्र्याची वाटी बसवलीय, तिच्यात वजन टाकायचं. मिस्त्री तांब्याचे पैसे टाकायचा. मी चिंचोक्यांवर आलो. एक चिंचोका म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. रोज दहा वाजता स्टेशनात जाऊन खिशातलं घड्याळ लावून आणतो, मग वर चढून ताळा करतो. पाच म्हणजे पाच. चार नाही, सहा नाही. खोटंसुद्धा मी सेकंदावर सांभाळलंय. हे कुणाला सांगू?

सून रतन भाकरी घेऊन आली. बाजीरावाचं विचारलं नाही, तिनंच सांगितलं. तळेगावच्या कारखान्यात त्याला पर्मनंट करायचं चाललंय. पण यंदा दोनदा लेट लागलाय – एकदा पोराला ताप होता, एकदा रुळावर माती आली होती. "तिसरा लागला की काढत्यात, आबा. पुढची पंचवीस माणसं दारात उभी हैत," म्हणाली. या महिन्याभरात ठरणार आहे.

शिमग्यापासून तो आणि मी बोलत नाही. त्याची भांगरवाडी इथून किती लांब? हाकेच्या अंतरावर. तरी नाही. त्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "आबा, सोडा आता ते घड्याळ." म्हणजे तोही गावातलाच झाला. पोटचा पोरगा! मी ताटावरून उठलो, या टॉवरखालच्या खोलीत आलो तो आलोच.

बुधवार, १० ऑगस्ट

पंतांनी बोलावलं. पंधरा ऑगस्टला टॉवरखाली आठ वाजता झेंडा लावायचा, पुण्याचे पाहुणे येणार. घड्याळ खोटं चालणार नाही. रविवारपर्यंत बरोबर करा, नाहीतर गोरख वायरमनकडं चावी जाईल.

मनातून इतका आनंद झाला की भीतीच वाटली. तीस वर्षं हेच तर हवं होतं.

पण म्हणालो, "साहेब, मान्सं टोल्यावर गाडी धरत्यात. आधी कळवाय पायजे. कागद द्या मला."

"कागद कशाला? मी टॉवरखालच्या फळ्यावर लिहवून घेतो. तुम्ही तुमचं काम करा."

काम करतो. सेक्रेटरी बोलला म्हणजे लिहीलच ना?

शुक्रवार, १२ ऑगस्ट

फळा कोरा.

शनिवार, १३ ऑगस्ट

फळा कोरा. शिदू चहा देताना म्हणाला, "आबा, आज लय गप? घड्याळानं खरं बोलायचं ठरीवलं का काय?" सगळे हसले. मी पण सांगणार होतो – अगदी ओठावर होतं. मग म्हटलं, हसा. मी का सांगू? फळा कुणाचा आहे?

रविवार, १४ ऑगस्ट

झालं.

काटे उलटे फिरवायचे नसतात, टोल्यांचं चाक बिघडतं. लंबक धरून उभं राहायचं, जितकी मिनिटं मागं यायचं तितकी. दुपारी दोनचे टोले पडून गेल्यावर धरला. दोन्ही हातांनी, म्हशीचं शिंग धरावं तसा. डोळ्यांसमोर खिशातलं घड्याळ टांगलं.

तो टकटक आवाज थांबला. तीस वर्षांत सफाईचे दिवस सोडले तर कधी थांबला नव्हता. टॉवरच्या पत्र्यावर पाऊस वाजतो हे मला आज कळलं. पाच मिनिटं म्हणजे किती लांब असतात! दुसऱ्या मिनिटाला वाटलं, हात सोडावा, कुणाला काय कळतंय. मिस्त्री आठवला. तो ओरडला असता. ओरडू दे.

पाचव्या मिनिटाला सोडला. आता स्टेशन, रेडिओ आणि माझं घड्याळ एक.

खाली आलो. कुणाला काहीच सांगितलं नाही. फळा अजून कोरा. रतन यायची होती, तिच्याकडे निरोप द्यावा असं मनात आलं. ती आली, भाकरी ठेवली, गेली. मी डोक्यावर घोंगडं घेऊन पडलो होतो. झोपलो नव्हतो.

सोमवार, १५ ऑगस्ट

आठाच्या पहिल्या टोल्याला झेंडा वर गेला. पंतांनी पाहुण्यांना मनगट दाखवलं, "बघा, सेकंदाचा फरक नाही." हारतुरे झाले. पेढे वाटले. माझं नाव कुणी घेतलं नाही. गोरखनं दोरी धरली होती, त्याला नारळ दिला.

कारखाने, कचेऱ्या बंद. सव्वासहाच्या गाडीला आज कुणी नव्हतंच. म्हणून गावाला कळलं नाही. मला उगाच हायसं वाटलं – जसं काही उद्या येणारच नाही.

मंगळवार, १६ ऑगस्ट

पाचला उठलो. बाहेर धुकं असं की टॉवरची तबकडी खालून दिसत नव्हती. म्हणजे आज सगळा भरवसा टोल्यांवर.

दारात उभा राहिलो. शिदूकडे माणसं बसलेली, कंदिलाच्या उजेडात नुसत्या टोप्या दिसत होत्या. सावित्राबाई नेहमीच्या पायरीवर – डोंगरावरच्या ठाकरवाडीतून येते, पुढ्यात कर्टुल्यांची पाटी, तळेगावच्या बाजाराला निघालेली. सहाचे टोले पडले. माझे टोले, खरे. कुणी उठलं नाही. शिदू ओरडला, "टोल्याचा चहा कुणाकुणाला?" हात वर झाले. सावित्राबाईनं बशीत चहा ओतून फुंकर घातली.

सांगायला एक शब्द पुरला असता. उठा. एवढाच. तोंड उघडलं होतं मी. "आज काय लबाड आबा, धुक्यात घड्याळ हरीवलं का?" कुणीतरी म्हणालं, आणि मी तोंड मिटलं. असा मी माणूस. लिहून ठेवतो, कारण उद्या मीच याला वेगळं रूप देईन.

सहा वाजून सात मिनिटांनी ते निघाले. रमतगमत. मग धुक्यातून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि त्यावर माणसं पळाल्याचा आवाज. चपला, डबे. पळून काय होणार?

वीसेक माणसं परत आली. एकाची पुण्याला मुलाखतीची वेळ होती. तो रडत नव्हता, नुसता घड्याळाकडं बघत होता, दिसत नसताना. एकानं मला धरलं. "कुणी केलं ह्ये? तू व्हय रं म्हाताऱ्या?" शिदूनं सोडवलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

सावित्राबाई पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसली. पुढची गाडी साडेनऊची, तोवर बाजार उठतो. म्हणाली, "आबा, तुमी शिकल्याली मान्सं. आमाला आकडं कळत न्हाईत. तुमचं टोलं तेवढं कळत्यात. त्ये बी फिरावलं व्हय?" शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

आणि बाजीराव? परत येणाऱ्यांत तो होता का? धुक्यात दिसलं नाही. भांगरवाडीच्या रस्त्यानं दोन आकृत्या गेल्या, एक त्याच्याच बांध्याची. हाक मारायचं धाडस झालं नाही. तिसरा लेट. तोही चहा पीत बसला असणार, घरी, चुलीपुढं – पाच मिनिटं काढून. माझ्या हातानं झालं.

दिवसभर खोलीतून बाहेर पडलो नाही. वर जाऊन चावी तेवढी दिली.

बुधवार, १७ ऑगस्ट

फंडाची बैठक. सीतारामपंत म्हणाले, "मी घड्याळ दुरुस्त करायला सांगितलं. लोकांना न कळवता करा असं सांगितलं नव्हतं."

"साहेब, फळ्यावर तुमी..."

"कागद आहे का तुमच्याकडं?"

नाही. मागितला होता, दिला नाही. हे सांगेपर्यंत पंत पुढच्या विषयावर गेले होते. आणि खरं तर शिदूला सांगायला मला कागद कशाला हवा होता? हे त्यांनी विचारलं नाही, मीच मला विचारत उभा राहिलो.

ठराव झाला. घड्याळ उद्यापासून पूर्वीसारखं पाच मिनिटं पुढं. चावी गोरखकडं. मी महिनाअखेर खोली खाली करायची. पंतांनी सही करताना पुन्हा मनगट बघितलं.

रतन काल आली नाही. आजही नाही. भाकरी बंद म्हणजे काय ते समजलो.

गुरुवार, १८ ऑगस्ट

गोरखनं काटा बोटानं पुढं ढकलला. मी खालून आवाज ऐकला. त्याला चिंचोक्यांचं सांगायला वर गेलो तर म्हणाला, "आबा, वाटी झाडली मी. उंदरानं कचरा आणून टाकला हुता."

शुक्रवार, १९ ऑगस्ट

कुणी नाही.

शनिवार, २० ऑगस्ट

दहा वाजता सवयीनं स्टेशनात गेलो. टॉवर नऊ सेकंद मागं पडलाय, दोन दिवसांत. म्हणजे पाच मिनिटंही धड नाहीत. कुणाला सांगायचं? परत येताना भांगरवाडीच्या वळणावर थोडा थांबलो. पुढं पाय गेला नाही. पोराच्या दारात उभा राहून काय म्हणू – तुझी भाकरी मी घालवली, मला दे?

सामान बांधायला घेतलं. परंदवडीला भावकीत एक पडवी मिळेल. चिंचोक्यांची पुरचुंडी कुठं ठेवावी कळेना. शेवटी खिशात घातली.

रविवार, २१ ऑगस्ट

सकाळी दारात बाजीराव. हातात भाकरीचं फडकं. रतन पंचमीला माहेरी गेलीय म्हणे, मंगळवारीच. बसला. मी विचारलं, "गाडी?"

"कुटली?"

"मंगळवारची."

"मिळाली की. फलाटावर मी एकलाच हुतो. वाटलं, मान्सं गेली कुटं? एक तारखेपास्नं पर्मनंट केलंय, त्येच सांगाया आलो."

"चहा नाही पीत बसलास? टोल्याचा?"

भाकरीचं फडकं माझ्यापुढं सोडलं. मग म्हणाला, "तुमी तितं त्र्याऐंशी पायऱ्या चढून टोलं देणार, आन् मी त्यातनं पाच मिन्टं काढू? टोलं पडलं की निघतो. रोज."

अकरा वर्षं तो नोकरीला जातोय. अकरा वर्षं, पावसात, धुक्यात, त्या लबाड टोल्यांवर उठून पाच मिनिटं आधी फलाटावर उभा राहतोय.

इतक्यात वर आठ पडले. गोरखचे आठ. बाजीराव सवयीनं उठला.

मी म्हटलं, "बस. चहा ठेवतो."