सातव्या होलखालची माणसं

४ मे, सोमवार
नोकरीचा सातवा आठवडा. अखेर माझ्या योग्यतेचं काम आलं. गोल्फ क्लबची केस! सातव्या होलच्या हिरवळीखाली आमची माणसं पुरलेली आहेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दूरच्या बेटांवरून फसवून, जहाजात घालून इथे ऊसतोडीला आणलेली. जमीन नगरपालिकेची. ती आम्हाला परत द्या आणि जाहीर माफी मागा, एवढीच मागणी.
आमच्या ऑफिसच्या मुख्य वकील ब्रॉन्विन मॅडम म्हणाल्या, एल्टन, तू फक्त आपल्या साक्षीदार मर्ल आंटींची जबानी घेऊन ये, शुक्रवारपर्यंत. ‘फक्त’ हा शब्द त्यांच्या तोंडात बसलाय.
दुपारी सुनावणीच्या भाषणाचा मसुदा. अकरा पानं. जबानी उद्या.

५ मे
भाषणात सुधारणा. जबानी उद्या.

६ मे
मर्ल आंटींकडे गेलो. वय त्र्याऐंशी. मी पदवी सांगितली, त्यांनी विचारलं, कुणाचा? ताना घराण्यातला म्हटलं. मग माझ्या आज्याने त्यांच्या लग्नात बॅन्डवाल्यांशी कसं भांडण काढलं ते पाऊण तास ऐकलं. ऐकता ऐकता त्यांनी हातात सुरी आणि अळकुड्यांची पाटी दिली. सोलल्या. कोपरापर्यंत खाज सुटली. पेन धरवेना. जबानी स्थगित, वैद्यकीय कारणास्तव.

७ मे
रेकॉर्डर नेला. दोन तासांची अप्रतिम बैठक. गुलामगिरी, भरपाई, आंतरराष्ट्रीय कायदा, सगळं त्यांना समजावलं. डोळे मिटून ऐकत होत्या. अधूनमधून घोरल्यासारखा आवाज आला, पण वयोमानाने श्वास जड होतो.

८ मे, शुक्रवार
रेकॉर्डिंग ऐकलं. एक तास चोपन्न मिनिटं मी. उरलेल्या वेळात आंटी: “हं.” “चहा घे.” “खिडकी लाव, डास येतात.”
माझा आवाज मात्र चांगला आलाय.
मॅडमना सांगितलं, साक्षीदार मितभाषी आहेत. दीड पानाची जबानी दाखल झाली. बाकीचं आंटी समक्ष सांगतील असं ठरलं.

१२ मे
गाडीत बसून भाषणाची तालीम. ‘न्याय’ या शब्दावर आवाज खाली आणायचा. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, बरं वाटत नाहीये का. परिणाम होतोय म्हणायचा.

१४ मे, सुनावणी
मॅडमचा घसा पूर्ण बसला. त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘तू उभा राहा. तीन मिनिटं. भाषण नको.’ शेवटचे दोन शब्द घाईत लिहिलेले, नीट लागले नाहीत.
दुसऱ्या पानानंतर सहावं पान आलं. गोंधळात न्यायाधीशबाईंना मी ‘आंटी’ म्हणालो. ‘न्याय’वर आवाज इतका खाली गेला की त्यांनी पुन्हा बोलायला सांगितलं.
मग नगरपालिकेचा वकील उठला. नोंदवही नाही, दगड नाहीत, एक नाव नाही. तिथे कोणी आहे हे कशावरून?
मला माहीत नव्हतं. अकरा पानांत एकही नाव नव्हतं.
मर्ल आंटी काठी टेकत उठल्या. म्हणाल्या, “माझे वडील दर रविवारी मला तिथून चालवत न्यायचे. मी नाव म्हणायचं, मगच पुढचं पाऊल.”
आणि त्यांनी नावं म्हटली. प्रत्येकाचं बेट, कोण कोणाशेजारी, कोण तापाने, कोण बारा वर्षांचा. एकतीस. एकोणिसाव्या नावाला त्या वकिलाने पेन खाली ठेवलं.
न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे जबानीत का नाही?
“मला कोणी विचारलंच नाही.”
आंटींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

२९ मे
निकाल. जमीन परत. माफी महापौर स्वतः मागणार, तीही सातव्या होलवर उभं राहून. मॅडम रडल्या. मीही.
आज मागे वळून बघता, जबानी न घेऊन मी साक्ष ताजी ठेवली, असंही म्हणता येईल. हे मॅडमना सुचवलं. त्यांचा घसा बरा झालाय, हे लगेच कळलं.

१ जून, सोमवार
नवं काम. मर्ल आंटींच्या शिफारशीवरून होरेस अंकलनी खास मला मागून घेतलं. पक्षकारांचा विश्वास बसायला लागला!
त्यांना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. वाटेत त्यांनी अगदी मनापासून विचारलं, गाडी चालवण्याशिवाय तू काय करतोस? म्हटलं, मी वकील आहे, लोकांचं ऐकून घेणं हेच माझं काम. आणि मग ऐकून घेण्याचं महत्त्व जरा सविस्तर सांगितलं.
माझं संपेपर्यंत ते थांबले.
मग म्हणाले, “दवाखाना मागे गेला, पोरा. तीनदा सांगितलं.”