चपला राखणाऱ्याचं तिकीट

बाबा,

नातवंडांना घेऊन पाच दिवस फिरायला जायचं ठरलं आहे, आणि त्यावरून आज दुपारी घरात जी खडाजंगी झाली तिच्यात तुमचं नाव निघालं. आम्ही जाणार आहोत तिथे आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचं घर, मुलांची लहान रेल्वे असं सगळं एकाच कुंपणात आहे. राहायचं हॉटेलही तिथेच. माझा मुलगा जेवता जेवता मोबाइलवरून तिकिटांचे प्रकार वाचून दाखवत होता. एका दिवसाचं, सगळ्या दिवसांचं मिळून, रांग टाळून पुढे घुसायचं महागातलं, मुलांचं, म्हाताऱ्यांचं. आणि सगळ्यात खाली एक स्वस्तातलं, सोबत येणाऱ्याचं. म्हणजे आत यायचं, बाकावर बसून सामान सांभाळायचं, कशातही बसायचं नाही. "हे आजीला," असं आईकडे बघत म्हणून त्याने बोट पुढे सरकवलंही. पोरगा वाईट नाही. आजीचे गुडघे त्याला माहीत आहेत, एवढंच. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो तुमचा आवाज होता, बाबा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही माझ्या मुलाच्या गळ्यातून बोललात.

तुम्हाला हैदराबाद आठवत असेलच. तुम्ही विसरणारे नव्हताच, फक्त आठवणी आपल्या सोयीने शिवून घेणारे होता. पूर्णा लाइनीवरच्या एका लहान स्टेशनावर तुम्ही पाइंटमन. रूळ बदलायचे, दिवे लावायचे, हिरवी-लाल झेंडी धरायची. आमचं क्वार्टर लाइनीला इतकं लागून होतं की गाडी आली की फळीवरची भांडी वाजत. वर्षातून एकदा रेल्वेचा फुकट प्रवासाचा पास मिळे, त्यावर बायको-पोरांची नावं चढत, आणि तो पास मिळायच्या आधीच तीन महिने तुम्ही आमच्या मानेवर सुरी धरून ठेवायचा. त्या वर्षी हैदराबादच्या प्रदर्शनाचं ठरलं होतं. तिथे हिवाळ्यात मोठं प्रदर्शन भरतं, पाळणे लागतात, मौत का कुआँ असतो, आणि लहान पोरांसाठी खरं इंजिन वाटावं अशी छोटी गाडी फिरते, हे तुम्हाला पूर्ण्याच्या कोणी तरी सांगितलं होतं. झालं. दिवाळीपासून आमच्या घरात छडी लागली नाही, हैदराबाद लागलं. दादाकडून घागर सांडली, हैदराबाद बंद. मला सातचा पाढा अडला, हैदराबाद बंद. आईच्या भाकरीला काळा डाग पडला, "तुहं नाव कापतो पासावरून." कोण कशात बसणार हे रोज जेवताना ठरे आणि रोज मोडे. मोठ्या पाळण्यातून माझं नाव जेवढ्या वेळा कापलं गेलं तेवढ्या वेळा मी पुढे त्यात बसलेही नाही.

आईने एकच मागितलं होतं. चुलीपुढे बसल्या बसल्या तिने विचारलं, "त्या लहान गाडीत मोठ्या मानसाइले बसू देतेत का?"

"तुले कायले पाह्यजे?" तुम्ही म्हणालात. "घरापुढून रोज गाड्या जातेत, त्या पाय."

"जातेत," आई म्हणाली. "माह्यासाठी कोनती थांबते?"

तुम्ही हसलात, त्यामुळे आम्हीही हसलो. तुमची मर्जी चांगली होती त्या रात्री. "बसवतो," म्हणालात. त्या एका शब्दावर आईने पुढचे कित्येक दिवस काढले. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं. मी तिला गुणगुणताना ऐकलं ते तेव्हाच, नंतर नाही.

आता त्या तिकीटखिडकीपुढचा दिवस. मी तो मनात इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे कोपरे झिजलेत. संध्याकाळ व्हायची आहे. छोटी गाडी गोल रुळांवर उभी आहे, इंजिन लाल, डबे पिवळे. तुम्ही खाकी कोट घालून आला आहात, सुट्टीतही. इतर पाळण्यांच्या खिडक्यांवर तुम्ही मुकाट रांगेत उभे राहिलात, पण इथे रांग सोडून ताठ मानेने पुढे जाता, आतल्या खिशातून पास काढता आणि खिडकीत सरकवता. तो कागद तुम्ही मेणकापडात जपला होता. गाडी आहे, रूळ आहेत, शिट्टी आहे, मग रेल्वेच्या माणसाने तिकीट कशाला काढायचं, असा तुमचा हिशेब. खिडकीतल्या माणसाने तो पास उलटा केला, सुलटा केला, आणि मागच्याला हाक मारली. "मियाँ, इधर आव. साहब पास लाए. अपनी गाडी सरकारी कब हुई?" रांग हसली. पुढची हसली, मागची हसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तुम्ही पास दाखवून करून घेतलंत.

आणि आई हसली. तोंडाला पदर न लावता, खळखळून. तुम्हाला नाही हसली ती. नेमकी त्याच वेळी इंजिनाची शिट्टी वाजली होती, आणि आता आपण बसणार या आनंदात तिला सगळंच हसण्यासारखं वाटत होतं. मी तिचा हात धरून उभी होते, मला माहीत आहे. पण तुम्ही वळलात तेव्हा तिचे दात दिसत होते.

तुम्ही पुन्हा खिडकीकडे वळलात. पास घडी करून ठेवलात, पैसे काढलेत, तिकिटं घेतलीत. तुमचं, दादाचं, माझं. मग आमच्या नव्या चपला काढायला लावल्यात, पिशवी आईच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तू गेटाबाहेर बस. चपला कोन राखन?" आईला वाटलं, एवढ्या फेरीपुरतं. ती बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचं आत यायचं तिकीटच काढलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. आठवडाभर आम्ही आत पाळण्यात आणि आई बाहेर धुळीत, हिरवं लुगडं नेसून, मांडीवर चपला घेऊन. आणि मुक्कामाला होतो त्या रेल्वेच्या क्वार्टरात रोज परत आलो की तुम्ही आम्हाला तिच्यासमोर बसवायचा. "सांगा तिले, काय काय पाह्यलं." आम्ही सांगायचो. "गाडीचं सांग. बोगदा कसा होता सांग." आणि आई ऐकत ऐकत भात कालवायची.

तुम्ही असे का होता हे मला कळत नाही असं नाही. आपल्या वस्तीत शिक्क्याचा कागद दाखवून छाती काढून फिरणारे तुम्ही पहिले. तुमच्या वडिलांना पाटलाच्या वाड्यापुढून जाताना जोडे हातात घ्यावे लागत, हे तुम्हीच सांगायचा, आणि सांगताना तुमची नस तटतटायची. धम्म घेतला, नोकरी लागली, खाकी कोट आला, तरी रांग हसली की तुम्ही पुन्हा त्या वाड्यापुढे उभे. एवढं सगळं मला समजतं. समजूनही तुम्हाला तसूभर सोडावंसं वाटत नाही. ज्या माणसाच्या बापाला जोडे हातात धरायला लावले, त्याने बायकोच्या मांडीवर चपला द्याव्यात? तुम्हाला तरी कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हाला.

पण हेही मी एखाद वेळी पचवलं असतं. पुढचं नाही पचवलं. परत आल्यावर स्टेशनात चहा पिताना तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, स्टेशनमास्तरला, गँगमनना, सगळ्यांना. "आमची मंडळी पाहा ना, त्या खेळन्यातल्या गाडीले पास दाखवून राह्यली होती. मी म्हनलं, अवो बाई, हे काय रेल्वे आहे का?" लोक पोट धरून हसले. दादा तिथेच होता. तो म्हणाला, "बाबा, पास तर तुमी..." आणि तुमची थप्पड त्याच्या कानावर बसली. त्यानंतर पास आईनेच दाखवला असं ठरलं. वड्याचं तेल वांग्यावर काढणं मी पुष्कळ पाहिलं, पण वांग्यालाच वडा म्हणून गावभर फिरवणं तुमच्याकडूनच पाहिलं. आई विहिरीवर गेली की बाया म्हणायच्या, "काहून बाई, पास आनला का?" आई घागर भरायची. पुढच्या वर्षी पासावर तिचं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्याही नव्हतं. "तिले कुठं नेता, लाज आनते," तुम्ही म्हणायचा. आम्ही नागपूर पाहिलं, मनमाड पाहिलं, आणि आई दशम्या बांधून देऊन दारात उभी राहायची. तुम्ही गेलात तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमचा एक जुना सोबती रडता रडता तीच गोष्ट सांगायला लागला. "वहिनी लय भोळ्या," म्हणाला. आई त्याच्या कपात चहा ओतत होती. तिने थेंब सांडला नाही.

माझ्या मुलालाही ती गोष्ट तशीच माहीत आहे. आज तिकिटांवरून मी त्याच्यावर ओरडले, तो गांगरला, आणि वातावरण हलकं करायला आजीकडे वळून म्हणाला, "आजी, तुला तिकीट कशाला, तू पास दाखव ना." उचलली जीभ लावली टाळ्याला. आई ताटातला शेवटचा घास संपवत होती. ऐंशी केव्हाच पार केली आहे तिने, घास संपवल्याशिवाय ती बोलत नाही.

"थो पास म्या नाई दाखवला," ती म्हणाली. "तुह्या आज्यानं दाखवला होता."

 सुनेने हातातला डाव तसाच धरला होता. इतकी वर्षं, बाबा, आणि हे ती एकदाही बोलली नव्हती, तुम्ही गेल्यावरही नाही. ती ताट घेऊन उठली, भिंतीवरच्या तुमच्या फोटोपाशी थांबली, आणि भाजी निवडून ठेव म्हणावं तशा आवाजात मला म्हणाली, "मले गाडीत बसाचं तिकीट काढ. अन हे बाहीर बसाचं आहे ना, ते याइच्या नावानं काढ. फोटो घे संग."

इथपर्यंत लिहून मी कागद मिटून पर्समध्ये टाकला होता. तो आता पुन्हा उघडला आहे, त्या पाळण्यांच्या गावात, एका बाकावर बसून. आजूबाजूला पोरांचा कलकलाट आहे आणि कुठून तरी पाणी उडून कागदावर पडतं आहे, त्यामुळे अक्षर असं.

तुमचा फोटो आणला आहे. टॉवेलात गुंडाळून आणला, काच फुटू नये म्हणून. मला वाटलं होतं, आई निघेपर्यंत विसरेल. येताना ती फोटोची पिशवी मांडीवर घेऊनच बसली. इथे सामान ठेवायला लोखंडी कप्पे आहेत, किल्लीचे. मुलाने आमच्या पिशव्या ठेवल्या, आणि आईने टॉवेल सोडून तुम्हाला त्या कप्प्यात उभं केलं. मग पायातल्या चपला काढल्या. मी म्हणाले, "आई, राहू दे." तिने ऐकलं नाही. एक एक करून तुमच्यापुढे ठेवल्या, नीट, जोडीने, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चपला राखा म्हनाव त्याइले." मुलगा खाली बघत होता. त्याने कप्पा लावला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

आता ती गाडीत बसली आहे. हीही लाल इंजिनाचीच निघाली. फाटकावरचा पोरगा तिला म्हणाला, आजी, जमेल ना, आणि तिने मनगटावरची कागदी पट्टी त्याच्या नाकाशी धरली. "माह्या नावाची आहे," म्हणाली. अनवाणी बसली आहे, पाठ ताठ, पणतू शेजारी. गाडी माझ्यासमोरून जाते तेव्हा डब्यातल्या बाकीच्या आया हात हलवतात. ती हलवत नाही. ती समोर बघते, जणू ही गाडी कुठे तरी पोचणार आहे. एक फेरी झाली, ती उतरली नाही. फाटकावरच्या पोराने तिला न उठवता दुसरी फेरी सुरू केली.

मला वाटलं होतं हे बघताना मी रडेन. नाही रडले. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं काही चांगल्या जातीचं नव्हतं. तुम्ही अंधारात आहात, तोंडाशी तिच्या चपला आहेत, आणि बोगदा कसा होता हे संध्याकाळी आई तुम्हाला सांगणार आहे. मी तिला सांगायला लावणार आहे.

फोटोला तिकीट लागलं नाही. आमच्यात ते बाहेर बसायचं सोबतीचं तिकीट एकच काढलं, ते माझं. कंबर भरली आहे म्हणून सांगितलं सगळ्यांना. सून मलम चोळून देते म्हणाली, मी नको म्हटलं. तुमचा कप्पा माझ्या पाठीमागेच आहे, हात लांबवला तर दाराला लागतो. दाराला वर बारीक फट आहे, त्यातून हा कागद आत सरकवता येईल. सरकवणार नाही. त्या आठवड्यात भिंतीपाशी आईजवळ कोणी येऊन बसलं नव्हतं, तुमच्याजवळ मी बसले आहे, हे तुम्ही तिथे बसून नीट आठवा.

माझी कंबर दुखत नाही, बाबा.