शेगडीवरून उतरवलेलं पातेलं

अकोला, शनिवार दुपार

प्रिय अनसूया,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलो. तू होतीस तेव्हा मी तुला नावानं हाकही मारली नाही. आधी नुसतं 'ऐकलं का', नंतर 'वसंताची माय'. आज पहिल्यांदा नाव लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी लिहितो आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचतो. शेजारची कौसाबाई दोनदा डोकावून गेली. म्हाताऱ्याचं काही खरं नाही, असं तिला वाटलं असणार.

भंतेजी सांगतात, आत्मा नसतो. मग हे पत्र जाणार कुठं? मला चौथीपर्यंतच शिकलेल्या माणसाला एवढं कळत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गावंडेचं कार्ड आलं आहे. आमच्या कचेरीतला अंजनगावचा तरुण कारकून, आठवतो ना? आता अमरावतीला असतो. उद्या इथं लग्नाला येणार आहे आणि चार वाजता आपल्या घरी येतो म्हणतो. खाली एक ओळ लिहिली आहे, या खेपेला चहा घरचाच पाहिजे.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. वसंता तिकडं धारणीला, सूनबाई त्याच्यासोबत. घरात मी एकटा आणि ती शेगडी!

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आज बोलू का?

वसंता मॅट्रिक पास झाला होता. धम्मदीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. हेडक्लार्क साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की किसन, पेढे नको, आम्ही रविवारी तुझ्या घरी चहाला येतो. मी हो म्हटलं. हे खरंच येणार की थट्टा करतात? कचेरीतल्या पाण्याच्या माठाला मी हात लावत नसे. लावू नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच लावत नसे.

तू मात्र पहाटेपासून कामाला लागलीस. घर सारवलंस. अमरावतीहून आणलेल्या सहा कपबशा फळीवरून पहिल्यांदा खाली उतरवल्यास, राखेनं घासून, धुऊन, उन्हात पालथ्या घातल्यास. जुन्या लुगड्याचा पडदा शिवून स्वयंपाकाच्या दाराला लावलास. दूध सकाळीच सांगून ठेवलं होतंस. तीन वाजता शेगडीवर पातेलं चढलं आणि घरभर आल्याचा वास सुटला.

त्या वासानंच मी घाबरलो बघ. लहानपणी आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर आमच्या लोकांच्या कपबशा वेगळ्या ठेवलेल्या असत. पिऊन झालं की आपणच विसळायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. मला तेच दिसू लागलं. साहेबांनी कप तोंडाला लावलाच नाही तर? नुसताच हातात धरून बसले तर? तुझ्या डोळ्यांदेखत?

तुला न सांगता मी घराबाहेर पडलो. स्टेशनजवळच्या हॉटेलातून किटलीभर चहा आणि त्यांचेच पाच गिलास फडक्यात बांधून घेऊन आलो. सायकलवरून येईपर्यंत चहा कोमट झाला. तो गरम करायला शेगडी पाहिजे, आणि शेगडीवर तुझं पातेलं.

तू विचारलंस, "हे काय आणलं?"

मी म्हणालो, साहेब लोक आहेत, त्यांचं मन राहावं म्हणून.

तू पातेलं खाली उतरवलंस, त्यावर ताटली झाकलीस आणि शेगडी मला मोकळी करून दिलीस. भांडली का नाहीस, अनसूया? तेव्हा भांडली असतीस तर मी किटली नालीत ओतली असती. निदान आज तरी मला तसं वाटतं.

साहेब, गावंडे आणि आणखी दोन कारकून असे चौघं आले, सतरंजीवर बसले. मी गिलास दिले. साहेब खाली मान घालून पिऊ लागले. गावंडेनं मात्र गिलास फिरवून पाहिला.

"किसनभाऊ, हा तं टेसनावरच्या हॉटेलातला गिलास हाय. आमी तं वहिनीच्या हातचा चहा प्याले आलो होतो."

सगळे हसले. मी म्हणालो, तिची तब्येत बरी नाही. पडदा जरासा हलला. तू तिथंच उभी होतीस, नवं लुगडं नेसून.

"मंग पुन्हा येऊ," गावंडे म्हणाला.

मी कधी बोलावलंच नाही.

ते गेल्यावर तू कौसाबाईला आणि आणखी दोघीतिघींना हाक मारलीस. पातेलं पुन्हा तापवलंस. त्या सहा कपबशांतून त्यांना चहा दिलास, हसून बोललीस. शेवटचा कप माझ्यासमोर ठेवलास.

"घ्या. माह्या हातचा हाय. तुमाले चालते ना?"

मी प्यालो. खाली बघत प्यालो, साहेबांसारखाच. फार चांगला झाला होता चहा. एवढंच म्हणायचं होतं, ते मी म्हटलं नाही. त्यानंतर सात वर्षं तू मला रोज दोन वेळा चहा दिलास, आणि मी कधीही म्हटलं नाही.

सहापैकी चार कप उरले आहेत. काल धुऊन ठेवले. आज सकाळपासून दोनदा चहा करून पाहिला, दोन्ही वेळा दूध नासलं. आलं ठेचून दुधातच टाकलं होतं मी. कौसाबाई म्हणाली, "मी करून देतो ना भाऊ, काहून जीव काढून राहिले?" मी नको म्हटलं. मग उगाच सायकलीची हवा पाहिली. स्टेशन काही लांब नाही. माझं मन मला ठाऊक आहे म्हणून आत्ताच सायकल वसंताच्या मित्राकडं सोडून आलो, आणि परवापर्यंत देऊ नको म्हणून बजावलं.

तुला शब्द देतो. उद्या चहा याच शेगडीवर होईल, मी करीन आणि तुझ्या कपांतून देईन. कसाही झाला तरी हा घरचा आहे असं म्हणीन. त्या दिवशी तुझी तब्येत चांगली होती, मी खोटं बोललो, हेही गावंडेला सांगीन.

फक्त एवढं सांग. आलं तू दुधाच्या आधी टाकत होतीस की उकळी आल्यावर? कसंही कर, पण उद्या चारच्या आत कळव. वाट पाहतो.

तुझा,
किसन